अनावश्यक टिपा

आमच्या कोथरूडच्या घरात टेलिफोन एकच होता आणि त्यावर तिघांचा दावा होता. आई हॉलमध्ये पाचवी ते सातवीच्या मुलांना गणित शिकवायची. तिला पालकांचे फोन यायचे. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. खडकवासल्याची पातळी वाढली की त्यांना साहेबांचे फोन यायचे. मला कोणाचे फोन येत नसत. मला फोनची तार लागायची. ती फोनमधून काढून मोडेममध्ये खोचली की आधी टोन, मग खरखर, मग दोन मांजरं भांडावीत तसा आवाज आणि मग शांतता. ती शांतता म्हणजे मी इंटरनेटवर पोहोचले. घरातल्या इतरांसाठी ती शांतता म्हणजे फोन बंद. बरेच वाद होऊन मला दुपारी अडीच ते चार ही वेळ मिळाली. तेव्हा बाबा कचेरीत असत, आई जेवणानंतर आडवी झालेली असे, आणि स्वयंपाकघरात झाकून ठेवलेल्या मटकीच्या उसळीचा वास घरभर रेंगाळत असे. चार वाजले की दारात मुलांच्या चपलांचा ढीग पडायचा, हॉलमधून अपूर्णांकांचा सामुदायिक घोष सुरू व्हायचा आणि तार परत फोनमध्ये जायची.

त्या दीड तासात मी काय करते, हे घरात कोणालाच नीट सांगता आलं नाही. जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेली एक संगणकप्रणाली होती. ती कोणालाही फुकट घेता येई आणि तिच्या आतलं सगळं उघडून बघता येई. तिच्यासाठी मी पॅकेजं बनवायची. कोणीतरी कुठेतरी एखादी लायब्ररी लिहितो, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येईल असा कामाचा तुकडा. तो तुकडा या प्रणालीत नीट बसवायचा, त्याला आणखी काय काय लागतं ते लिहायचं, नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची नोंद ठेवायची, आणि सगळ्यांत कंटाळवाणं काम म्हणजे आतली प्रत्येक फाईल कोणी लिहिली त्याची यादी करायची. ही यादी पॅकेजबरोबर प्रत्येक संगणकावर उतरायची. ती चुकली तर पॅकेज परत यायचं. जर्मनीतले एक गृहस्थ अशा याद्या तपासायचे. त्यांना पगार नव्हता आणि दयाही नव्हती.

"म्हणजे दुसऱ्याचा माल तू खोक्यात भरतेस," बाबा म्हणाले.

"साधारण तसंच."

"आणि वर पत्ता लिहितेस."

"हो."

"आमच्याकडे हे काम आवक-जावकचा बारनिशी कारकून करतो. त्याला निदान महागाई भत्ता मिळतो."

आई म्हणाली, "अहो, शिकतेय ती काहीतरी. करू दे की." मग माझ्याकडे वळून, "पण कुलकर्ण्यांच्या आई तीन दिवस फोन लावतायत म्हणे. त्यांना काय सांगू? पत्ता लिहितेय म्हणून?"

या कामाला मला लावलं आमच्या सबनीस सरांनी. मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि ते विभागप्रमुख होते. शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत ते आम्हां सातआठ जणांना जमवत. सॉफ्टवेअर सगळ्यांचं असलं पाहिजे, ज्ञानाला कुंपण नको, असं ते बोलत, आणि फार सुंदर बोलत. मी ते वहीत उतरवून घ्यायची. ती वही अजून आहे. त्यातलं एकही वाक्य मला आज चुकीचं वाटत नाही, आणि माझा संताप नेमका याच गोष्टीचा आहे.

त्या वर्षी सरांनी स्वतःची एक लायब्ररी प्रसिद्ध केली. देवनागरी मजकूर दिला की ती त्याचं ब्रेलमध्ये रूपांतर करायची. कागदावर ठिपके उठवणाऱ्या यंत्राला तो मजकूर पाठवला की मराठी पुस्तक बोटांनी वाचता येई. लायब्ररीचे दोन भाग होते. एक प्रोग्राम, तो सरांचा. दुसरा एक तक्ता: कोणत्या अक्षराला कोणते ठिपके, जोडाक्षर आलं तर काय, अनुस्वार कुठे, अपवाद कोणते. प्रोग्राम दोनशे ओळींचा होता. तक्ता नऊशे ओळींचा. त्याचं पॅकेज करायचं काम सरांनी मला दिलं, माझा वार्षिक प्रकल्प म्हणून. मला तो मोठा मान वाटला.

यादी करण्यासाठी आमच्याकडे एक छोटं साधन होतं. ते प्रत्येक फाईलच्या माथ्यावरचं लेखकाचं नाव वाचून यादी तयार करायचं. ज्या फाईलवर नावच नाही ती ते मुख्य लेखकाच्या नावावर टाकायचं. नियम असा होता की साधनाने काढलेली यादी माणसाने प्रत्येक फाईल उघडून पडताळायची. सरांनी आधी पहिली आवृत्ती दिली होती आणि आठवड्याभरात दुसरी, यादी मी दुसरीवरून केली. मी प्रोग्रामच्या फाइली उघडल्या. तक्ता उघडला नाही. नऊशे ओळी अक्षरं आणि ठिपके, त्यात काय वाचायचं, असं मला वाटलं. साधनाने तो सरांच्या नावावर टाकला होता, तसाच राहू दिला. जर्मनीतल्या गृहस्थांनाही त्यात काही खटकलं नाही. पॅकेज स्वीकारलं गेलं त्या दिवशी आईने शेजारच्या डेअरीतून चक्का आणून श्रीखंड केलं. बाबांनी विचारलं, "बढती झाली का?" आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

पंधराएक दिवसांनी मला एक मेल आली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं. पाठवणारीचं नाव शोभा कांबळे. मजकूर चार ओळींचा: ब्रेलच्या तक्त्यावर आपण सबनीस यांचं नाव घातलं आहे. तक्ता मी केलेला आहे. कृपया दुरुस्ती करावी. मी उत्तर दिलं. ते मी इथे जसंच्या तसं देते, कारण पुढे वीसेक वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत आले आणि स्वतःची झाकणं मला शोभणार नाही. मी लिहिलं: "फाईलवर आपलं नाव नाही. नाव नसेल तर आम्ही मुख्य लेखकाचं नाव धरतो. तक्रार असल्यास मूळ लेखकाशी संपर्क साधावा." तीन वाक्यं. एकातही प्रश्न नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी बेल वाजली. शिकवणीच्या मुलांना अजून अर्धा तास होता. दारात पस्तिशीतल्या एक बाई उभ्या होत्या. निळी सुती साडी, खांद्याला शबनम, हातात पांढरी काठी. त्या पायाने दारातल्या चपला चाचपून बाजूला करत होत्या.

"अनघा लिमये इथेच राहतात ना? मी शोभा कांबळे. हडपसरच्या पुढे अंधशाळा आहे, तिथे शिकवते. दोन बस बदलून आलेय, तेव्हा नाही म्हणू नका."

मी त्यांचा हात धरायला गेले. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "खुर्ची कुठे आहे तेवढं सांगा." आई उठून आली, तिने पाणी दिलं आणि पोहे टाकायला आत गेली. पत्ता कसा मिळाला, असं मी विचारलं.

"तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात फोन केला. म्हटलं, लिमयेबाईंचं कौतुक करायचंय. लगेच दिला. तक्रार आहे म्हटलं असतं तर अर्ज मागितला असता."

मी काहीतरी नियमाचं बोलू लागले. त्यांनी हात वर केला.

"नियम मला माहीत आहे. तुमची यादी मी वाचलीय. शाळेला देणगीत जुने संगणक आले, त्यांवर तुमचीच प्रणाली आहे. त्यातला आवाज इंग्रजी वाचतो, मराठी वाचत नाही, म्हणून मी सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिते. तक्ता तसाच लिहिला, दोन वर्षं, मुलं घरी गेल्यावर. सबनीस सर शाळेत आले, म्हणाले, आम्ही याला प्रोग्राम जोडू, सगळ्या महाराष्ट्राला उपयोग होईल. मी फ्लॉपी दिली. त्यात चूक नाही माझी, अजूनही देईन." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "आता कायम नोकरीच्या मुलाखती आहेत. मी अर्जात लिहिलं की तक्ता मी केला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दाखवा. मी आनंदाने तुमचं पॅकेज बसवलं, यादी उघडली आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायला लावली. मशीनने वाचलं: सबनीस. मॅडम म्हणाल्या, कांबळे, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. दहा वर्षं शिकवतेय मी तिथे. सहा शिक्षक होते खोलीत."

आतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला.

"तुम्हाला दिसतं," बाई म्हणाल्या, "आणि फाईल तुम्ही वाचली नाहीत. मला दिसत नाही, मी वाचली. बरं, यादी सोडा. तुमची ती बदलांची नोंद असते ना, तीही वाचली. दुसऱ्या आवृत्तीखाली तुम्ही काय लिहिलंय, आठवतं?"

मला आठवत नव्हतं. त्यांना पाठ होतं. "मूळ लेखकाने तक्त्यातल्या अनावश्यक टिपा काढून टाकल्या." त्यांनी ते वाक्य मशीन वाचतं तसं, सपाट सुरात म्हटलं. "पहिली आवृत्ती उघडा. ओळ एकशे बारा. तिथे संतोष भेटेल."

पहिली आवृत्ती माझ्याकडे होती. आम्ही जुनी मूळ प्रत कधीच पुसत नाही, तशी पद्धतच आहे. मी ती उघडली आणि नव्या प्रतीशी ओळीला ओळ लावली. हे काम मी आधीही केलेलं होतं. बदलांची नोंद त्यावरूनच लिहिली होती. पडद्यावर गेलेल्या ओळी लाल दिसायच्या आणि ते लाल मी एकदा पाहून पुढे सरकवलं होतं. आता वाचलं. सगळ्यांत वर: हा तक्ता शोभा कांबळे यांनी शाळेतल्या मुलांसाठी केला. मग अक्षरांशेजारी टिपा. ओळ एकशे बारा: ण आणि ळ यांत फक्त तीन नंबरच्या ठिपक्याचा फरक, संतोष अजून चुकतो, दोन्ही एकापाठोपाठ द्यावेत. त्याच्याखाली: क्ष आधी शिकवू नये, मीना रडली. अशा चाळीसएक टिपा. दुसऱ्या आवृत्तीत त्यांतली एकही नव्हती. अक्षरं होती, ठिपके होते, नऊशे ओळींतला एकही ठिपका बदललेला नव्हता. फक्त माणसं काढली होती. ती काढल्याची रीतसर नोंद मी केली होती, खाली माझं नाव आणि पत्ता घालून. चोरीला मी साफसफाई म्हटलं होतं.

बाईंनी पोहे खाल्ले. "लिंबू छान पिळलंय, वहिनी," असं आईला म्हणाल्या. निघताना मी म्हटलं, बसस्टॉपपर्यंत येते. त्या म्हणाल्या, "बसस्टॉप मला सापडतो हो. तुम्ही नाव शोधा."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. दोन्ही आवृत्त्यांचे कागद छापून नेले होते. त्यांनी ते पाहिले नाहीत.

"अगं, तो तक्ता म्हणजे डेटा," सर म्हणाले. "डेटाला कुठे लेखक असतो? ब्रेल काय कांबळे बाईंनी शोधली?"

"सर, अपवाद त्यांनी लावलेत. क्रम त्यांचा आहे. माथ्यावर नाव होतं."

"मी नीटनेटकं केलं. शाळेतल्या पोरांची नावं जगाला कशाला?"

"तुमचं नाव ठेवलंत, सर."

सर हसले. त्यांचं हसू मोठं लोभस होतं. "हे बघ अनघा. त्या बाईंना दोन-दोन सवलती आहेत. एक डोळ्यांची, एक जातीची. त्यांची नोकरी कुठे जात नाही. आता तिसरी नावाची कशाला?" मग कागद माझ्याकडे सरकवत, "तुझ्या प्रकल्पाचे मार्क अजून पाठवायचेत मला. शांतपणे विचार कर."

नंतरच्या नोकरीत मी पुष्कळ मोठ्या माणसांची पुष्कळ वाईट वाक्यं छापली, पण ती सभेत किंवा भांडणात म्हटलेली होती. हे एका सुसंस्कृत माणसाने, पंख्याखाली बसून, समोरची मुलगी आपल्यातलीच आहे असं गृहीत धरून म्हटलं होतं. त्या गृहीत धरण्याचा मला जास्त राग आला. आणि ते अगदीच निराधार नव्हतं, याचा त्याहून जास्त. बाईंची मेल आली तेव्हा मी एका विभागप्रमुखाचं नाव आणि एका अनोळखी कांबळे यांचं नाव समोर ठेवून, तक्ता न उघडताच निकाल दिला होता. नाव सबनीसांचंच, पण तक्रार कोणा देशपांड्यांची असती, तर मी निदान फाईल उघडली असती का? मला खात्रीने नाही म्हणता येत नाही.

घरी जेवताना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, बाबा नेहमीसारखं काहीतरी बोलतील. ते भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले.

"म्हणजे नस्तीवरची टिपणी काढली त्याने?"

"हो."

"आणि वर स्वतःची सही केली."

"हो, बाबा."

"आमच्याकडे याला चौकशी लागते," बाबा म्हणाले. इतका वेळ ज्या कामाची त्यांना थट्टा वाटत होती, ते आता त्यांना नेमकं कळलं होतं. "तीस वर्षं मी फाइली हलवल्या. साहेबाने शेरा बदलला तरी खालच्या कारकुनाची टिपणी कोणी फाडत नाही. चुकीची असली तरी नाही. ती त्याची असते." मग आईला म्हणाले, "अहो, फोनची तार काढून द्या तिला."

"साडेआठ वाजलेत. पालकांचे फोन यायचेत."

"येऊ द्या. एंगेज लागेल."

आमच्या प्रणालीत दोषांची नोंद सगळ्यांसमोर होते. कोणीही कोणाच्याही पॅकेजवर दोष नोंदवू शकतो आणि तो कायम राहतो. मी माझ्याच पॅकेजवर दोष नोंदवला आणि त्याला 'गंभीर' हा दर्जा दिला. याचा अर्थ तो मिटेपर्यंत पॅकेज पुढच्या प्रकाशनात जाणार नाही. दोन्ही प्रती जोडल्या, लाल ओळी जशाच्या तशा दिल्या, आणि पडताळणी माझी होती, ती मी केली नाही, असं लिहिलं. सरांनी उत्तर दिलं: लायब्ररी माझी आहे, मी नाव बदलणार नाही. जर्मनीतल्या गृहस्थांनी माझ्या आतापर्यंतच्या कामातलं सर्वांत लांब पत्र पाठवलं, पाच ओळींचं. वाद आहे तोवर तक्ता ठेवता येणार नाही, असा त्याचा सारांश. तक्त्याशिवाय लायब्ररी म्हणजे बिनधान्याचं जातं. सरांना वाटलं, आता मीच माघार घेईन.

वाट बाईंनीच काढली. मी शाळेत गेले होते. मधल्या सुट्टीत त्या वर्गात डबा खात बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "त्यांची लायब्ररी त्यांच्याकडे राहू द्या. तक्ता माझ्याकडे आहे ना? तो मी वेगळा प्रसिद्ध केला तर?" दोन आठवड्यांत शोभा कांबळे यांचा तक्ता स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला, वापरायला, वाटायला, बदलायला सगळ्यांना मोकळा, अट एकच: नाव काढायचं नाही. त्याचं वेगळं पॅकेज मी केलं. या वेळी साधन वापरलं नाही. नऊशे ओळी आणि चाळीस टिपा बोटाने मोजत वाचल्या. मग सरांच्या लायब्ररीतून तक्ता काढला आणि पॅकेजला काय काय लागतं त्या रकान्यात लिहिलं: कांबळे यांचा तक्ता. तेव्हापासून जो कोणी सबनीस सरांची लायब्ररी मागतो, त्याच्या संगणकावर आधी बाईंचं पॅकेज उतरतं, मग सरांचं. आधीचं नसेल तर नंतरचं उतरतच नाही. हे मी सूड म्हणून केलं नाही. त्या लायब्ररीला खरोखरच त्याची गरज होती.

बाईंनी नव्या यादीचा छापील कागद मुख्याध्यापिकांना नेऊन दिला आणि सहाही शिक्षकांसमोर मशीनकडून वाचून घेतला. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं." माफी मागितली नाही. मुलाखती तोवर होऊन गेल्या होत्या. बाई कायम झाल्या त्या दोन वर्षांनी, आणि त्यांच्यानंतर लागलेल्या तिघी ज्येष्ठता यादीत त्यांच्या वर गेल्या. बाबांनी या एका गोष्टीसाठी स्वतः तीन अर्ज लिहून दिले. तिन्हींना पोच मिळाली. सरांना त्या लायब्ररीबद्दल पुरस्कार मिळाला आणि समारंभात ते कुंपणं मोडण्याबद्दल फार सुंदर बोलले, असं मी वाचलं. मला प्रकल्पात पास होण्यापुरते मार्क मिळाले. त्या मार्कांवर एकाही सॉफ्टवेअर कंपनीने बोलावलं नाही. वर्तमानपत्राने मार्क विचारले नाहीत, पहिल्या दिवशी एक बातमी हातात देऊन संपादकांनी एवढंच विचारलं, "हे कोण म्हणालं, ते आहे का यात?"

ती पॅकेजं आता मी सांभाळत नाही. गेल्या महिन्यात, हल्ली ते काम करणाऱ्या एका मुलीची मेल आली. तीही पुण्याचीच, नम्र, हुशार. तक्ता आता मोठा झालाय, तो जरा नीटनेटका करावा म्हणते. मधल्या टिपा कोणाला कळत नाहीत. 'संतोष आता चुकत नाही' ही एकशे बाराव्या ओळीवरची टीप तर अगदीच अनावश्यक वाटते, काढली तर चालेल का, आणि संतोष कोण?

'अजून'च्या जागी 'आता' बाईंनी कधी केलं, ते मलाही माहीत नव्हतं. मी बदलांची नोंद उघडून पाहिली. त्यांनी केलेला तो शेवटचा बदल होता, निवृत्तीच्या आदल्या दिवशीचा.

मी त्या मुलीला लिहिलं: "संतोष हा या तक्त्याचा पहिला वाचक. टीप कांबळे बाईंची आहे. काढायची असल्यास त्यांना विचारावं. सोबत त्यांचा फोन नंबर देत आहे. दुपारी करू नये, त्या वाचत असतात."